पाटीवर ‘वसवले’ हवं की ‘पुन्हा वसवले’?

कसबेकर: आमच्या आळीच्या तोंडाशी नवी पाटी लागली आहे. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. ‘जिजाऊंनी सोन्याचा नांगर फिरवून पुणे वसवले. पुण्य म्हणून पुणे.’ काल चौथीतली नात एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होती. म्हणाली, “आजी, मग त्याच्याआधी इथे काय होतं?” गाव होतं बाई, गाव! राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या तळेगाव ताम्रपटात, शके ६९० म्हणजे इ.स. ७६८ मध्ये, ‘पूनक विषय’ आला आहे. विषय म्हणजे जिल्ह्यासारखा मुलूख. शिवरायांच्या जन्माआधीची साडेआठशे वर्षं एका ओळीत पुसली गेली. माझी मागणी एकाच शब्दाची: ‘पुन्हा’ घाला.

जुनीपेठ: असहमत. पाटी येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी असते, त्याला ताम्रपट काय करायचाय? ‘पुन्हा’ घातलं की जिजाऊंचं श्रेय निम्मं होतं. शिवाय ताम्रपटात नाव मुलखाचं आहे, गावाचं नाही.

कसबेकर: मुलखाला नाव मोठ्या गावावरूनच पडतं. जुन्नर, शिरूर, इंदापूर, तालुके बघा ना.

जुनीपेठ: मग हवेली तालुक्याचं काय? हवेली नावाचं गाव दाखवा. मुळशीची कचेरीसुद्धा पौडला आहे.

कसबेकर: हवेलीचं मान्य. पण कसब्यातून नदी ओलांडून पाताळेश्वराला जाऊन या. आठव्या शतकातलं लेणं, अंगणात तो गोल नंदीमंडप, सगळं एकाच खडकात. एवढं खोदायचं तर पाथरवटांना वर्षानुवर्षं धान्य पुरवणारी वस्ती जवळपास लागणारच.

मुठाकाठ: दोघांनीही मधलं पान सोडलंत. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला आणि भर गावात पहार ठोकली, अशी हकीकत आहे. ही जागा शापित, इथे कोणी राहायचं नाही, असा त्याचा अर्थ. सोन्याचा नांगर हे त्याला दिलेलं उत्तर. गाव नव्हतंच, तर गाढवाचा नांगर फिरला कशावर? जुनीपेठ, श्रेय कमी होत नाही हो. मोकळ्या माळावर गाव कोणीही वसवील. इथे भुईला अपशकुन लागलेला, घरं जळलेली, कुणबी धास्तावून परागंदा झालेले. त्यांना परत आणून पेरते करायचं होतं. ‘पुन्हा’ गाळलंत तर जिजाऊंचं खरं कामच पाटीवरून गळतं. ‘पुण्य म्हणून पुणे’ मात्र ठाम लिहू नये. पूनकातल्या ‘न’चा ‘ण’ होणं मराठीत नवं नाही. निदान ‘असे मानतात’ जोडा.

जुनीपेठ: गाढवाच्या नांगराचा मुद्दा बिनतोड आहे. ‘पुन्हा’ला माझा विरोध मागे. पण ‘पुण्य’ला शेपूट जोडायला तयार नाही. माझे आजोबा दर अमावास्येला मुळा-मुठेच्या संगमावर अंघोळीला जायचे, ते या गावाला पुण्याची जागा मानायचे म्हणूनच. ती ओळ लोकांची आहे, तिला ताम्रपट लागत नाही.

कसबेकर: म्हणूनच ‘असे मानतात’. मानणारे तुमचे आजोबाच की! ‘जळालेले पुणे जिजाऊंनी पुन्हा वसवले’ एवढा बदल मागणारा अर्ज सोमवारी देते आहे. नातीच्या अक्षरात.

जुनीपेठ: तेवढ्यावर माझी सही धरा. ‘पुण्य’बद्दल वेगळं भांडू.