गोळी नवऱ्याने झाडली, कामं बायकोची गेली: बेनेट बहिणींबद्दल

गवतीचहा (धागाकर्ती)

परवा झोप येईना म्हणून 'स्कार्लेट स्ट्रीट' (१९४५) हा हॉलिवूडचा सिनेमा पुन्हा लावला. एडवर्ड जी. रॉबिन्सन खाली बसून जोन बेनेटच्या पायांच्या नखांना नेलपॉलिश लावतो आणि ती वरून त्याच्याकडे अशी बघते की बास. न्यूयॉर्क, मिलवॉकी आणि अटलांटा इथल्या सेन्सॉरवाल्यांनी १९४६च्या सुरुवातीला या सिनेमावर बंदी घातली होती. सिनेमातल्या बाईला लोकांनी सोडलं नाहीच, पण पुढे ती साकारणाऱ्या बाईलाही सोडलं नाही. त्यावरूनच हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिचर्ड बेनेट हा अमेरिकन रंगभूमीवरचा मोठा नट. त्याची बायको एड्रियन मॉरिसन, तीही नटी आणि नटाचीच लेक. त्यांना तीन मुली: कॉन्स्टन्स (१९०४), बार्बरा (१९०६) आणि जोन (१९१०). तिघीही पडद्यावर आल्या. कॉन्स्टन्सची पाच लग्नं झाली, जोनची चार. या कुटुंबाबद्दल काहीही वाचायला घ्या, हे आकडे पहिल्याच परिच्छेदात येतात. बापानेही तीन केली, ती मात्र मोजायची कुणाला गरज वाटत नाही.

आता मुद्दा. जोनचा तिसरा नवरा वॉल्टर वँगर, नामांकित निर्माता. १९४८च्या 'जोन ऑफ आर्क'ने त्याला पार बुडवलं होतं. जोनचं आपल्या एजंटशी, जेनिंग्ज लँगशी, काहीतरी आहे असा त्याला संशय. १३ डिसेंबर १९५१ला बेव्हर्ली हिल्समध्ये जोन आणि लँग गाडीपाशी बोलत उभे असताना वँगरने येऊन लँगवर गोळ्या झाडल्या, तेही पोलीस ठाण्याच्या समोरच्या पार्किंगमध्ये! लँग वाचला. वँगरने तात्पुरतं वेड लागल्याचा बचाव घेतला. शिक्षा झाली चार महिन्यांची, तीही बंदिशाळेतल्या शेतीवर, आणि शंभरेक दिवसांत स्वारी बाहेर.

पुढे काय झालं? तुरुंगाच्या अनुभवावरून वँगरने १९५४ला 'रायट इन सेल ब्लॉक ११' काढला, नाव कमावलं. मग 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स', 'आय वाँट टू लिव्ह!', शेवटी 'क्लिओपात्रा'. गोळी खाणारा लँग पुढे युनिव्हर्सलमध्ये बडा अधिकारी झाला, 'अर्थक्वेक' आणि 'एअरपोर्ट १९७५'च्या मागे तोच. आणि जोन? तिने ना पिस्तूल हातात घेतलं ना कुणावर खटला भरला. त्याआधी साठाहून जास्त सिनेमे केलेल्या बाईला पुढच्या दहा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळाले. १९५५च्या 'वुई आर नो एंजल्स'मध्ये तिला घ्यावं म्हणून त्याच्या नायकाला, हम्फ्री बोगार्टला, हट्ट धरावा लागला.

या बहिणींचं आयुष्य 'वादळी' होतं असं सगळे लिहितात, जणू वादळ त्यांच्या अंगातच होतं. माझं म्हणणं असं की वादळ बाहेरचं होतं. बोला.

---

खडूसकाका

लेख छान, निष्कर्ष चुकीचा.

जोनचं वय १९५१ला किती? ४१. आधीच्याच वर्षी 'फादर ऑफ द ब्राइड'मध्ये ती एलिझाबेथ टेलरची आई झाली होती, आणि त्याचा पुढचा भागही करून मोकळी झाली होती. खऱ्या आयुष्यात तर चाळिशीच्या आत आजी. म्हणजे नायिकेच्या खुर्चीवरून ती गोळीबाराच्या आधीच उठली होती. त्यात घरोघरी टीव्ही आला, स्टुडिओंनी करारबद्ध माणसं कमी करायला घेतली. त्या पिढीतल्या कितीतरी जणी कुठल्याही लफड्याशिवाय घरी बसल्या. पार्किंगमध्ये काही घडलं नसतं तरी १९५५ला तिच्या हातात फार काही नसतं. गोळीबारामुळे करिअर संपलं ही कहाणी ऐकायला चांगली आहे, इतकंच.

आणि संपलं कुठे? नाटकं केली, दौरे केले. १९६६ ते ७१ 'डार्क शॅडोज' या दुपारच्या मालिकेतली घरची मालकीण तीच. शाळा सुटली की पोरं धावत घरी यायची ती मालिका बघायला. १९७७ला इटलीत 'सस्पिरिया' हा भयपट. याला वाताहत म्हणत असाल तर अशी वाताहत मलाही चालेल.

---

गवतीचहा

काका, 'फादर ऑफ द ब्राइड'मध्ये तिचा नवरा कोण होता? स्पेन्सर ट्रेसी. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याला १९५५ला 'बॅड डे ॲट ब्लॅक रॉक'मध्ये एकहाती गुंडांना लोळवणारा नायक करता आलं. तेव्हा 'वय झालं' हे कारण नाहीच, ती तीच शिक्षा आहे, फक्त सगळ्याच बायकांना मिळणारी. जोनला त्यावर व्याज लागलं.

आणि निर्मात्यांना आई म्हणून चालली असती, असं तुम्हीच म्हणताय. मग आईच्या भूमिका का आल्या नाहीत? तेव्हाच्या सिनेमातली आई म्हणजे एप्रन आणि ॲपल पाय. वर्तमानपत्रात जिच्या पायी माणसाला गोळी लागली ती बाई त्या एप्रनमध्ये कुणाला नको होती.

---

रुईचा कापूस

खडूसकाकांना अर्धं अनुमोदन. गवतीचहा, तू कॉन्स्टन्सला सोयीस्करपणे बाजूला ठेवलंस. ती आली की तुझं 'बिचाऱ्या' प्रकरण कोसळतं.

१९३१ साल. मंदी. लोक सूपच्या रांगेत उभे. वॉर्नर ब्रदर्स 'बॉट!' या सिनेमासाठी कॉन्स्टन्सला आठवड्याला ३०,००० डॉलर देतात. तेव्हा तो उच्चांक मानला गेला. गंमत म्हणजे त्याच सिनेमात तिच्या बापाची भूमिका तिच्या बापानेच केली. घरातली कर्ती कोण ते सेटवर सगळ्यांना कळलं असणार.

मुलाचं प्रकरण तर वकिलांनी अभ्यासावं असं. दुसरा नवरा फिलिप प्लांट गर्भश्रीमंत. घटस्फोटानंतर बाईंनी एक मुलगा आणला आणि सांगितलं, दत्तक आहे. प्लांट वारला, मुलाच्या वाट्याच्या पैशाचा प्रश्न आला, तेव्हा म्हणाल्या, दत्तक नाही, माझ्याच पोटचा, प्लांटचाच. त्याने ताबा मागू नये म्हणून लपवलं होतं. सासरकडचे कोर्टात गेले. बाईंनी बजावलं, मी साक्षीला उभी राहिले तर प्लांटबरोबरच्या संसाराचं साग्रसंगीत वर्णन करीन. प्रकरण बाहेरच मिटलं.

ही बाई वादळात सापडलेली नव्हती. वारा कुठून येतो ते बघून शीड लावणारी होती. शेवटचा नवरा लष्करी अधिकारी, त्याच्याबरोबर जवळजवळ वीस वर्षं टिकली, युरोपात सैनिकांसाठी करमणुकीचे कार्यक्रम उभे केले. १९६५ला गेली तेव्हा अर्लिंग्टनच्या लष्करी स्मशानभूमीत जागा मिळाली. एकाच घरातल्या दोघी, एकच हॉलिवूड, आणि निकाल वेगळे. मग स्वभावाला काहीच श्रेय नाही?

---

जर्सीकर

थोडं अवांतर, माफी असावी. जोन जन्मली ते न्यू जर्सीतलं फोर्ट ली आमच्यापासून अर्ध्या तासावर. जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडताना जे कडे दिसतात, त्यांना पॅलिसेड्स म्हणतात. हॉलिवूड वसण्याआधी अमेरिकन सिनेमा या गावात बनायचा, आणि हे इथे राहणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. मलाही इथे आल्यावर आठ वर्षांनी कळलं. कॉन्स्टन्स वारली तीही जर्सीतच, फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर. चला, चालू द्या भांडण.

---

मधली आळी

वादळ बाहेरचं की आतलं यात तुम्ही दोघं घर विसरलात. रिचर्ड बेनेट नट मोठा, पण माणूस? दारू, संताप. प्रयोग संपला की पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना आणि समीक्षकांना झापायचा, आणि लोक तेवढ्यासाठीही तिकीट काढायचे म्हणतात. त्याचं धाडसही मान्य करायला हवं. १९१३ला उपदंशावरचं 'डॅमेज्ड गुड्स' नाटक अमेरिकेत त्यानेच उभं केलं, जेव्हा त्या रोगाचं नाव चारचौघांत काढत नसत. पण असा माणूस रंगमंचावर बघायला ठीक, रोज जेवायच्या टेबलावर नको.

त्या घरातून मोठी मुलगी सोळाव्या वर्षी लग्न करून बाहेर पडली. ते लग्न रद्दबातल झालं. धाकटीनेही सोळाव्याच वर्षी केलं, अठराव्या वर्षी हातात मूल आणि घटस्फोट. दोघींनाही घराबाहेर पडायचं होतं आणि दार तेवढं एकच होतं. हॉलिवूडने पुढे काय केलं ते केलं, पण पळायची सवय घरातली.

ऑर्सन वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबर्सन्स'मध्ये (१९४२) म्हातारा मेजर शेकोटीपुढे बसून पुटपुटतो तो प्रसंग आठवतोय? तो हाच बाप. तेव्हा त्याला संवादही पाठ राहत नव्हते. बघताना मला त्याच्यावर रागावता येत नाही, ही माझी अडचण.

---

खडूसकाका

मधली आळी, घर हे कारण मला पटतं. पण मग गवतीचहांचा धागा तिथेच मिटतो.

अजून एक. वँगरचं सगळं छान झालं असं चित्र बरोबर नाही. 'क्लिओपात्रा'च्या खर्चाचा डोंगर झाला तेव्हा खापर त्याच्यावर फुटलं, त्याला बाजूला केलं, आणि तो त्याचा शेवटचाच सिनेमा. आणि जोन त्याच्याशी १९६५पर्यंत विवाहित होती. गोळीबारानंतर चौदा वर्षं! गोळीबारानंतर पत्रकारांसमोर तिने नवऱ्याची बाजूच घेतली, पैशाच्या ओढाताणीने त्याचं डोकं फिरलं म्हणून सांगितलं. तिला स्वतःला जी तक्रार नव्हती ती आपण सत्तर वर्षांनी तिच्या वतीने का करायची?

---

गवतीचहा

तक्रार नव्हती? पुढे तिने स्वतःच म्हटलंय की बंदुकीचा चाप मीच ओढला असता तरी याहून वेगळं झालं नसतं. आणि चौदा वर्षं राहिली म्हणजे काय, घरात आठ आणि तीन वर्षांच्या दोन मुली होत्या. नवऱ्याची बाजू तिने घेतली कारण तो आत गेला असता तर घर कोण चालवणार? त्या दिवसांत ती नाटकाच्या दौऱ्यांवर गेली ती काय हौस म्हणून?

वँगरला 'क्लिओपात्रा'वरून काढलं हे खरं. पण ते काम नीट केलं नाही या आरोपावरून काढलं. हिला कशावरून काढलं ते सांगा. आणि योगायोग बघा, जिची ती पडद्यावर आई झाली होती त्या टेलरला घेऊन तो सिनेमा काढत होता.

रुई, कॉन्स्टन्सबद्दल तू लिहिलंस ते सगळं मान्य. पण शेवटचा सिनेमा बघ, 'मॅडम एक्स'. तिच्या मृत्यूनंतर १९६६ला आला, त्यात ती लाना टर्नरची सासू. मधल्या काळात वर्षानुवर्षं तिचा सिनेमाच नाही. शीड लावणारीलाही वारा लागतोच.

आणि जोन अगदी गरीब गाय होती असं मी कुठे म्हटलं? हेडा हॉपर नावाची गॉसिप लिहिणारी बाई तिच्या मागे लागायची. जोनने १९५०च्या व्हॅलेंटाइन डेला तिला भेट पाठवली: जिवंत स्कंक. तोच घाण वास सोडणारा प्राणी. :)

---

जर्सीकर

स्कंक! तो वास एकदा गाडीला लागला होता, दोन आठवडे कुणी शेजारी बसेना. बाईंना दंडवत.

---

पाणक्या

इतक्या प्रतिसादांत एकाने तरी बार्बराबद्दल लिहिलंय का? धाग्याचं नाव 'बेनेट बहिणी', आणि मधली कुठेच नाही.

ती मुळात नर्तकी. दोनचार सिनेमे केले. १९२९ला गायक मॉर्टन डाउनीशी लग्न, पाच मुलं. १९४१ला घटस्फोट, मुलांचा ताबा बापाकडे. मग अ‍ॅडिसन रँडल या काउबॉयपटातल्या नटाशी लग्न केलं. १९४५ला शूटिंग चालू असताना तो घोड्यावरून पडून मेला. दारूने तिला आधीच धरलं होतं. १९५८ला माँट्रियलला वारली, वय ५१. तिच्या मुलांपैकी एक म्हणजे ऐंशीच्या दशकात टीव्हीवर पाहुण्यांच्या अंगावर ओरडणारा मॉर्टन डाउनी ज्युनिअर.

तिच्याकडे ना कॉन्स्टन्सची व्यवहारबुद्धी, ना जोनच्या मागे उभा राहणारा बोगार्ट. स्वभाव की समाज हा वाद तिच्या बाबतीत घालून बघा. माझा तरी घालायचा धीर होत नाही.

---

मधली आळी

पाणक्या, बरोबर. मीही 'मोठी' आणि 'धाकटी' लिहून मोकळी झाले.

---

रुईचा कापूस

कॉन्स्टन्सकडे पैसा होता. वकील होते. मुलगा आपल्याकडे राहावा म्हणून तिने खोटं रचलं आणि निभावलं. बार्बराची पाचही मुलं बापाकडे गेली. वर मी 'स्वभावाला श्रेय' लिहिलं होतं, तिथे 'पैशाला'ही जोडते.

---

खडूसकाका

बार्बराबद्दल मला काही म्हणायचं नाही. जोनबद्दल मत कायम.

---

गवतीचहा

पाणक्या, चूक माझीच. तिच्यासाठी एक ओळही लिहिली नव्हती.

काका, मत कायम ठेवा, पण 'वुई आर नो एंजल्स' बघा. ४५ वर्षांची जोन त्यात दुकानदाराची बायको आहे, बोगार्ट तिच्याकडे बघतो ते बघा, आणि मग सांगा हिच्याकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं का.

---

खडूसकाका

बघतो. 'स्कार्लेट स्ट्रीट' कुठे मिळेल?

---

गवतीचहा

अमेरिकेत त्याचे हक्क संपलेत, त्यामुळे नेटवर उघड पडून आहे. बऱ्याच प्रती पुसट आहेत, जरा शोधून स्वच्छ घ्या. नेलपॉलिशचा प्रसंग पुसट बघण्यात अर्थ नाही.