हायवे कशाला, खाड्या ओलांडत जा की

वरती कोणीतरी ६६ नंबर (मुंबई-गोवा) हायवेने सायकलवर रत्नागिरी गाठायचं म्हणतंय, पण ट्रक अंगावर घेत जायची हौस कशाला? किनाऱ्याकिनाऱ्याने जा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, तिन्हीकडे फेरीबोटीत सायकल आरामात चढते. आणि एक युक्ती सांगतो, बोटीतून उतरल्या उतरल्या निघायचंच नाही, गाड्यांचा घोळका आधी पुढे जाऊ द्यायचा, टपरीवर चहा मारायचा, मग पुढची बोट लागेपर्यंत रस्ता आपल्या बापाचा!

मला विचाराल तर सगळ्यात भारी पट्टा केळशी ते आंजर्ले, आडे-पाडल्यावरून, उजव्या हाताला समुद्र आणि अधूनमधून एखादी एसटी, एवढंच. फक्त किनारा म्हणजे सपाट असं धरून चालू नका हां, प्रत्येक खाडीला उतरायचं आणि लगेच जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढायचं, हे दिवसभर चालतं, मागच्या चाकाला ३२ दात्यांची मोठी चकती, म्हणजे चढाला हलका गिअर, असेल तर गुडघे दुवा देतील. रत्नागिरीच्या अलीकडचा आरेवारेचा घाट शनिवार-रविवारी टाळाच, सेल्फीवाले वळणावरच गाडी लावतात. आणि पाणी सकाळीच भरून घ्या, दुपारी गावातली दुकानं बंद असतात.