चालू मशीन भंगारात टाका म्हणे!

पानजुळारी: काल आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एका सायबर-तज्ज्ञाचा लांबलचक मेसेज फिरत आला. म्हणे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे फुकटचे सुरक्षा-अपडेट, संपला, अजून ते वापरणारा स्वतःसकट सगळ्यांना खड्ड्यात घालतो, आणि नवीन मशीन परवडत नसेल तर 'गुपचूप लिनक्स टाका', म्हणजे विंडोजऐवजी ती फुकटची सिस्टीम. आयजीच्या जिवावर बायजी उदार! माझ्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं जुळवायच्या, दुकानात सातव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह पीसी आहे, १६ जीबी रॅम, एसएसडी. लग्नसराईत सकाळी नऊ ते रात्री बारा चालतो, कुरकुर नाही. विंडोज ११ त्याला नापास करतं, कारण त्याला चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरची यादी आठव्या पिढीपासून सुरू. मशीन थकलं म्हणून नाही, यादीत नाव नाही म्हणून भंगारात. हा कचरा कोण उचलणार?

रात्रपाळी: मेसेज माझा नाही, पण मुद्दा बरोबर आहे. फायली लॉक करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आठवतो ना? मे २०१७. त्याचं भोक बुजवणारा अपडेट, म्हणजे पॅच, मार्चमध्येच आला होता, तरी लोकांनी टाकला नाही आणि मग रडले. तेव्हा निदान टाकायला पॅच होता. तुमच्या मशीनला उद्या भोक सापडलं तर बुजवायला कोणी येणार नाही. 'चालतंय की' हा निकष पंख्याला लावा.

उसगावकर: भांडू नका. विंडोज १० च्या सुरक्षा-अपडेटना मुदतवाढ आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ३० डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू करा, पैसे लागत नाहीत.

पानजुळारी: खातं उघडा, सेटिंग त्यांच्या हवाली करा, आणि वर एका वर्षाने पुन्हा हाच तमाशा. आभारी आहे.
@रात्रपाळी, वॉनाक्राय सांगता, मग त्याच वर्षीच्या जूनमधला नॉटपेट्या व्हायरस का गाळला? तो शिरला युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. इमानदारीत अपडेट करणारेच मेले. इकडे न्हावा-शेव्यात मर्स्क या जहाज कंपनीच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. आणि १९ जुलै २०२४? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या अपडेटमधल्या एका फाइलने ८५ लाख मशिनं निळा स्क्रीन दाखवून बंद पडली, विमानतळावर हाताने बोर्डिंग पास लिहीत होते. त्या दिवशी मी आरामात पत्रिका छापत होतो.

रात्रपाळी: अर्धवट सांगू नका. नॉटपेट्या अपडेटमधून आला हे खरं, पण ऑफिसात शिरल्यावर पसरला तो वॉनाक्रायच्याच भोकातून आणि चोरलेल्या पासवर्डांवर. क्राउडस्ट्राइक हा विंडोजचा अपडेट नव्हताच. ते तुमच्याकडे नव्हतं म्हणून वाचलात, त्यात विंडोज १० चं कसलं कौतुक? त्या दिवशी मी एकेका मशीनपुढे बसून डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी की हाताने टाइप करत होतो. सेफ मोड, एक फाइल डिलीट, रिस्टार्ट, पुढचं मशीन. मला अपडेटचे धोके शिकवू नका.

फुकटचा_सल्ला: एवढं रामायण कशाला? लिनक्समधलं मिंट टाका, ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस आहेच. माझे वडील सत्तरीचे आहेत, मजेत वापरतात.

पानजुळारी: वडील पानं जुळवायचं पेजमेकर वापरतात का?

फुकटचा_सल्ला: पेजमेकर?? ७.० आलं २००१ मध्ये!

पानजुळारी: हो, आणि त्यात वीस वर्षांचा माल आहे. दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल. त्याला युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत, कळत नाही, म्हणून जुने फॉन्ट. त्या फॉन्टना डोंगल, म्हणजे मशीनला लावायची परवान्याची किल्ली, आणि डोंगल लागतं जुन्या प्रिंटर पोर्टला. त्यासाठीचं दुसरं मशीन विंडोज ७ वर आहे. फॉन्टच्या कंपनीला फोन केला तर म्हणे नवीन व्हर्जन विकत घ्या.

मोडीवाचक: ही रड आता पुरे. तुम्ही डीटीपीवाल्यांनीच मराठीचं वाटोळं केलंय. इतका मजकूर त्या फॉन्टांत कोंडलाय की शोधता येत नाही, दुसऱ्या मशीनवर उघडला की नुसती चिन्हं.

सूनबाई_प्रेसवाली: मोडीवाचक, जरा जपून. सासऱ्यांच्या अंकांच्या फायली मी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेल्या आहेत. रफार भलत्याच अक्षरावर, पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. एकेक पान डोळ्यांनी वाचावं लागलं. कोंडणारे दोषी असतील, पण सोडवायला तुम्ही आला नव्हतात.

मोडीवाचक: कष्ट घेतलेत, मान्य. पण युनिकोडवाल्यांनी तरी काय दिवे लावले? २००९ च्या सरकारी जीआरने मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. तरी मंगल हा युनिकोड फॉन्ट लावून छापलेली पत्रिका बघा, ल हिंदी वळणाचा.

उसगावकर: मजकुराची भाषा 'मराठी' निवडा, फॉन्टमध्ये सोय असेल तर ल-श आपोआप बदलतात. 'हिंदी' ठेवून छापता आणि फॉन्टला शिव्या देता.

पानजुळारी: गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर टाकतं आणि संध्याकाळी प्रूफ मागतं. त्यात भाषा निवडत बसू?

सूनबाई_प्रेसवाली: पॅराग्राफ स्टाइलमध्ये एकदाच लावायची असते हो. रोज नाही.

रात्रपाळी: एक मिनिट. त्या विंडोज ७ वर नेट आहे?

पानजुळारी: मेलपुरतं. क्रोम ब्राउझर जुन्या १०९ व्हर्जनवर अडकलाय, बाकी झकास.

रात्रपाळी: झकास!! अहो, माझ्या चुलतभावाने अशाच मशीनवर 'बिल जोडले आहे' म्हणणारी फाइल उघडली. हिशेबाच्या सगळ्या फायली लॉक, बॅकअप त्याच मशीनला लावलेल्या हार्ड डिस्कवर, तोही लॉक. मार्चअखेरीला रात्र-रात्र बसून वह्यांवरून नोंदी केल्या.

पानजुळारी: मग करू काय? डोंगलची पूजा?

रात्रपाळी: पेजमेकर ठेवा, पण आजच नेटची वायर काढा. बॅकअप दोन डिस्कवर, त्यातली एक घरी. विंडोज १० वाल्यावर ती वर्षाची मुदतवाढ घ्या, खात्याचा राग गिळून. बँकेचं काम फोनवर. मशीन भंगारात टाका असं मी कुठे म्हटलं?

पानजुळारी: पहिल्याच उत्तरात पंख्यावर काढलंत ते काय होतं? बरं, वायर काढतो. पण गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह घेऊन येतात, त्याचं काय?

फुकटचा_सल्ला: तिसरं मशीन असेल तर त्यावर मिंट. पेनड्राइव्ह आधी तिथे लावायचा, फक्त फोटो आणि मजकूर उचलायचा.

पानजुळारी: आहे एक, चौथ्या पिढीचं, मुलगा गेम खेळतो. त्याला तुम्हीच समजवा.