उतारावर आरपीएम जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, असे नव्हे

‘इंजिनाचे फेरे (आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे) जितके कमी तितके पेट्रोल कमी, म्हणून घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी’ या मताचा पूर्वार्ध सपाट रस्त्यापुरता मला मान्य आहे. उत्तरार्ध मात्र चुकीचा आणि जिवावर बेतणारा आहे. इंधन इंजेक्शन असलेल्या आजच्या गाड्यांत, गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलला की इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) बंद होतात आणि चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते.

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना मी हे डॅशबोर्डवर पाहिले आहे. दुसऱ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमच्या आसपास पाय उचलला की तात्कालिक (त्या क्षणाच्या) मायलेजचा आकडा ९९.९ वर जाऊन थांबतो, आणि वळणापाशी आरपीएमचा काटा साधारण १२०० च्या खाली आला की मायलेजचा आकडा घसरतो, कारण इंजिन बंद पडू नये म्हणून इंधनपुरवठा पुन्हा सुरू होतो. याच घाटात पहिल्यांदा मी चौथ्या गिअरमध्ये, सतत ब्रेक दाबत उतरलो होतो. खाली पोहोचेपर्यंत चाकांपाशी जळका वास येत होता आणि ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले होते. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला फारसे रोखत नाही, न्यूट्रलमध्ये तर अजिबात नाही, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तेव्हापासून ज्या गिअरमध्ये ब्रेकला क्वचितच पाय लावावा लागेल तोच उतारासाठी निवडतो. फक्त गिअर खाली घेताना क्लच सोडण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर हलकासा दाबून इंजिनाचे फेरे खालच्या गिअरशी जुळवून घ्यावेत, नाहीतर झटका क्लचप्लेटला बसतो.