रक्त जास्त आहे म्हणतात, मग एवढा थकवा कसला?

आगरातली काकू, गुहागर
नमस्कार, वय ६७. ऑक्टोबरात साध्या तपासणीत हिमोग्लोबिन १८.९ आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के ते, ५७ आलं, मग चिपळूण झालं, मुंबई झाली, जॅक टू ही जनुकाची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे लाल पेशी जास्त बनण्याचा आजार, असं निदान झालं. उपचार म्हणून आत्तापर्यंत पाच वेळा रक्त काढलंय, गुठळी होऊ नये म्हणून रोज इकोस्प्रिन ७५ ची गोळी चालू आहे आणि आता हिमॅटोक्रिट ४४ आहे. रिपोर्ट छान म्हणतात पण अंगात काही त्राणच नाही हो. सकाळी उठते तीच दमलेली. पोफळींना शिपणं करून घरी येईपर्यंत दोनदा बसावं लागतं, ह्याच आगरातून मी डोक्यावर झापांचा भारा आणायची. दुपारी पडवीत आडवी झाले की चारच वाजतात. सगळे म्हणतात तुझं तर रक्त जास्त, तुला कसला थकवा. जाऊबाई म्हणतात लोहाच्या गोळ्या घे, बीट खा. मुलगा बोलत नाही पण त्याला हा आळस वाटतो हे मला कळतं आणि तेच जास्त लागतं. शिमग्याला पालखी घरी येणार, सगळी वाडी येणार, कसं करू? कोणाला आहे का हा आजार?

देवगडकर
काकू, मला ९ वर्षं झाली, वय ७१. पहिलं म्हणजे थकवा खरा आहे, तो ह्या आजाराचाच भाग आहे आणि आकडे जाग्यावर आले तरी राहू शकतो, मला पण हे कळायला दोन वर्षं गेली. लोहाच्या गोळ्या मनाने अजिबात घेऊ नका. मी घेतल्या होत्या शेजाऱ्याचं ऐकून, महिन्यात हिमॅटोक्रिट ४४ चं ५० झालं, परत रक्त काढायला पळालो. ते ४५ च्या खाली ठेवायचं असतं, नाहीतर गुठळीची भीती.

माझी चूक अशी व्हायची की एखाद दिवशी बरं वाटलं की बागेतलं सगळं उरकून टाकायचो आणि मग तीन दिवस आडवा. आता सकाळचे दोन तास माझे चांगले असतात, त्यात एकच जड काम, दुसरं उद्या, मग ते आंब्याचं का असेना. दुपारची झोप घड्याळ लावून अर्धा तास, जास्त झोपलो की रात्र जाते. आणि चालणं सोडू नका, उलट वाटेल पण त्यानेच मला फरक पडला, १० मिनिटांपासून सुरू केलं, ओहोटीला ओली वाळू घट्ट असते तिच्यावरून चाला, सुक्या वाळूत पाय रुततात आणि जीव जातो. पाणी भरपूर प्या, आता उन्हाळा येतोय. आंघोळीनंतर अंगाला खाज सुटते का? बंबातलं कडकडीत पाणी घेऊ नका, कोमट घ्या आणि टॉवेलने घासू नका, नुसतं टिपा.

रक्तपेढीवाली ताई, रत्नागिरी
काकू, ३५० मिलीची एक बॅग काढली की साधारण २०० मिलीग्रॅम लोह जातं. तुमच्या पाच झाल्या म्हणजे साठ्यातलं बहुतेक गेलंच. लाल पेशी जास्त पण लोह कमी, म्हणून रक्त जास्त असूनही अंगात बळ नाही. लोह कमी राहिलं की पेशी पण कमी बनतात, म्हणून डॉक्टर ते लगेच भरून काढत नाहीत. पुढच्या वेळी फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड आणि बी १२ बघायचं का विचारा. आणखी एक, साठीनंतर बऱ्याचदा रक्त काढण्याबरोबर पेशी कमी बनवणारी हायड्रॉक्सीयुरियासारखी गोळी पण देतात, तुम्ही लिहिली नाहीये, तर ती तुम्हाला लागेल का, तिने रक्त काढणं कमी होईल का, हे स्पष्ट विचारा. आणि अचानक बोलणं अडखळलं, एक हात लुळा पडला, छातीत दुखलं किंवा एकच पाय सुजला तर वाट बघू नका, ताबडतोब दवाखाना.

सावंतवाडीचा
माझ्या आईला रक्ताचा दुसरा आजार आहे, मायलोडिस्प्लासिया, त्यात रक्तपेशी नीट बनत नाहीत, थकवा तसाच. खरं सांगतो, मी पण वर्षभर तिला म्हणायचो अगं जरा हिंडफिर, बसून राहू नकोस. डॉक्टरांनी माझ्यासमोर समजावलं तेव्हा रात्रभर झोप नाही लागली. मुलाला पुढच्या व्हिजिटला आत घेऊन जा, बाहेर बाकड्यावर बसवू नका.

आगरातली काकू, गुहागर
सगळ्यांचे आभार, वाचता वाचता डोळ्यात पाणी आलं. खाज येते हो, मी साबणामुळे समजून साबण बदलत बसले होते! काल जेवणानंतर हे सगळं मुलाला वाचायला दिलं. वाचून गप्प बसला, मग म्हणाला पुढच्या वेळी मी आत येतो. आज शिपणं त्यानेच केलं. पालखीच्या दिवशी पुरणपोळ्या सूनबाई आणि जाऊबाई करणार, मी ओटीचं ताट तेवढं भरणार आणि देव दारात आले की उभी राहणार, तेवढं बळ सकाळपासून राखून ठेवीन. उद्याची ओहोटी सकाळी साडेसातला आहे, दहा मिनिटं जाऊन येते.