तागाच्या बारदानातील खनिज तेलाला मर्यादा हवी की नको?

प्रस्ताव (शेतकरी, दर्यापूर तालुका)
गेल्या फेब्रुवारीत तूर भरण्यासाठी नव्या बारदानाची गठडी सोडली, तेव्हा घरभर घासलेटासारखा वास पसरला आणि पोते आतून पांढऱ्या फडक्याने पुसले तर त्यावर पिवळसर तेलकट डाग उमटला. तागाचे तंतू मऊ व्हावेत म्हणून गिरणीत त्यांवर खनिज तेल व पाण्याचे मिश्रण शिंपडतात. तेच पुढे धान्यात उतरते. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली. भज्यांच्या कागदाची काळजी घेतली, तशी पोत्याची का घेऊ नये? युरोपीय संघातील देशांनी २०२२ मध्ये खनिज तेलातील सुगंधी (अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे रेणूत बेंझिनसारखी वलये असलेल्या; वासाशी संबंध नाही) हायड्रोकार्बनसाठी कमी स्निग्ध, कोरड्या पदार्थांत किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आणि तेल-तुपात २ मिलिग्रॅम अशी मर्यादा मान्य केली. आपल्या धान्यासाठीही असा आकडा ठरलाच पाहिजे.

विरोध (दालमिलचालक, अकोला)
भाऊ, वास आम्हालाही येतो. परंतु दंड कोणाला बसेल, याचा विचार करा. १९८७ च्या कायद्यानुसार धान्य तागात भरण्याची सक्ती सरकारच करते, पोते गिरणी बनवते आणि नमुना मात्र माझ्या गोदामातून उचलला जाईल. ही तपासणी महागड्या यंत्रांवरच होते. लहान मिलवाल्याने तिचा खर्च कसा सोसायचा? शिवाय तेल तुरीच्या टरफलावर बसते आणि टरफल तर आम्ही काढूनच टाकतो. उद्या धाकापोटी सगळे प्लास्टिकच्या कट्ट्यांकडे वळले, तर जरा ओल राहिलेली तूर त्यात घामेजून बुरसेल.

उत्तर (पशुपालक, मूर्तिजापूर तालुका)
काका, ते टरफल चुनीबरोबर (डाळीच्या चुऱ्याबरोबर) आमच्या गाईंच्या गव्हाणीत येते. रेशनचा गहू तर कोंड्यासकटच दळला जातो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये खनिज तेलातील संतृप्त, म्हणजे सुगंधी नसलेल्या, घटकांबद्दल सध्याच्या प्रमाणात चिंता नसल्याचे सांगितले. मात्र तीन किंवा अधिक वलयांचे सुगंधी घटक जनुकांना इजा करून कर्करोगाचे कारण ठरू शकतात, असेही नोंदवले. म्हणून मर्यादा सुगंधी घटकांनाच लावावी, म्हणजे नियम नेमका राहील.

प्रस्तावक
मिलवाल्या भाऊंची तक्रार खरी आहे आणि माझ्या पहिल्या मांडणीत ती सुटली होती. तपासणी ताग गिरणीच्या दारातच व्हावी. कोको आणि कॉफीच्या पोत्यांसाठी खनिज तेलाऐवजी वनस्पतिजन्य तेल वापरण्याची पद्धत आहेच; परदेशी ग्राहकासाठी जे जमते, ते आपल्या गव्हासाठी जमायला हवे.

दालमिलचालक
गिरणीच्या दारातील तपासणी आणि पोत्यावर तसा शिक्का, एवढे असेल तर माझी हरकत नाही. मात्र जुन्या बारदानाचे काय? बाजार समितीत येणारी कितीतरी तूर दोन-तीनदा वापरलेल्या पोत्यांतून येते आणि त्यांत आधी काय भरले होते, हे अडत्यालाही सांगता येत नाही. त्याची जबाबदारी कोणावर टाकायची, हे ठरेपर्यंत गोदामातील नमुन्यावरून दंड करण्यास माझा विरोध कायम आहे.