मदत हवी आहे: जुन्या फ्री-फ्लाइट (हवेत सोडल्यावर नियंत्रणाविना उडणाऱ्या) मॉडेल विमानाच्या पंखाचा एअरफॉइल (पंखाच्या काटछेदाचा आकार) ओळखायचा आहे

नाशिकमध्ये एका जुन्या बाल्सा (हलकं लाकूड) मॉडेलचा पंख नव्याने बांधायला घेतलाय. मूळ प्लॅन नाही. रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या पट्ट्या) १.५ मिमी बाल्साच्या, पण लीडिंग एजची (पुढच्या कडेची) पट्टी गायब आणि प्रत्येक रिबचं नाक थोडं मोडलेलं.

अंदाजे कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २०० मिमी. सर्वाधिक जाडी १८ मिमी, नाकापासून ६० मिमीवर. ८० मिमीवर कॉर्ड रेषेपासून (नाक आणि मागचं टोक जोडणारी सरळ रेषा) वरची कड २०.५ आणि खालची ३ मिमी उंच, म्हणजे कॅम्बर (मधल्या रेषेचा बाक) कॉर्डच्या जवळपास ६ टक्के. खालून पट्टी लावली की मधे फट दिसते, त्यामुळे क्लार्क वाय हा नेहमीचा एअरफॉइल बाद; त्याचा तळ मागे सपाट असतो. माझ्या मते हा नाका (NACA) ६४०९ हा एअरफॉइल आहे.

अडचण नाकाची. तिथे कॉर्ड रेषा १ मिमी जरी वरखाली धरली, तरी ८० मिमीवर ती ०.६ मिमी सरकते आणि कॅम्बर ०.३ टक्क्याने चुकतो. शिवाय ६४०९ ची नाकाची त्रिज्या या कॉर्डला जेमतेम १.८ मिमी येते. हाताने घासताना ती हमखास बोथट होते.

नाक नसताना कॉर्ड रेषा पक्की कशी करता? फक्त मागचा ७० टक्के भाग छापील आकृतीवर जुळवणं पुरेसं आहे का? दोन प्लायवुडच्या टेम्प्लेटमध्ये रिब्ज बोल्टने आवळून घासताना तळाचा खोलगट भाग एकसारखा कसा काढता? आणि अंबड-सातपूरकडे बाल्साची कड न जाळता कापून देणारा लेझरवाला कुणाला माहीत आहे का?